दौलतरावांचे सदतीस तास

मी अर्ज लिहावा आणि साहेबानं तो वाचताना खिशातला रुमाल काढू नये, असं बुलढाण्याच्या कचेरीत कधी घडलं नाही. एका आसामीची म्हैस पुरात वाहून गेली, तिचा अर्ज मी असा लिहिला की तिसऱ्या दिवशी ती म्हैस स्वतः कचेरीच्या आवारात येऊन हंबरली. आता ही म्हैस मी वाढवली. पण अर्ज झकास होता, एवढं खरं.

कचेरीपुढच्या निंबाखाली माझी सतरंजी, सतरंजीवर लाकडी पेटी आणि पेटीवर टाइपरायटर. कचेरीबाहेर दुसरा टाइपरायटर गावात नव्हता, आणि हे वाढवलेलं नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, राजधानी नागपूर. लोक मला मुन्शीजी म्हणत. आमच्या धंद्याचा एक कायदा होता, तो कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही. साहेब अर्धं कापतोच, तेव्हा आपण दुप्पट लिहायचं. एक बैल मेला तर जोडी मेली. भिंत पडली तर घर पडलं. साहेबाला हे ठाऊक, आसामीला ठाऊक, चपराशाला ठाऊक. मी वाढवायचो, साहेब कापायचा, आणि कापून झाल्यावर जवळजवळ खरं तेवढं उरायचं. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

या कायद्यानं मी जिल्हाभराच्या लोकांचं भलं केलं आणि एका माणसाचं वाटोळं. त्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे. जेवढं झालं तेवढंच लिहायचं ठरवलंय. हात घसरला तर तिथल्या तिथं सांगेन, ही सवयही त्याच्याचकडून उचललेली.

दौलतराव सोनुने धाडचे. भावाच्या घरी राहायचे, कापसाच्या एका जिनातलं इंजिन सांभाळायचे. अंगात कायम एकच खाकी कोट, वरच्या खिशात शिसपेन्सिल आणि बोटभर वही, खालच्या खिशात हात पुसायचं फडकं. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. नमस्कार केला की ती दोन्ही आपली वेगळी, ताठ, जणू दुसऱ्याच कोणाला नमस्कार करताहेत.

दुसऱ्या मोठ्या लढाईत ते हवाई दलात गेले. आधी फिटर, मग पायलट. पण बॉम्ब टाकणारे पायलट नव्हेत. मोडकं विमान दुरुस्त झालं की ते पहिल्यांदा हवेत न्यायचं, वर नेऊन सगळ्या बाजूंनी छळायचं, खाली आणून कागदावर लिहायचं, हे त्यांचं काम.

मी एकदा म्हटलं, "म्हंजे दुसऱ्यानं जोडलेल्या विमानात पह्यलं मरण तुमचं."

"नाही मुन्शीजी," ते म्हणाले. "पह्यला कागद माहा. म्या लिहलं की हे आठ हजार फूट चढते, तं दुसरा माणूस त्या भरवशावर डोंगराकडं जाते. म्या दहा लिहलं तं तो डोंगरातच राह्यते."

लढाई संपता संपता तिकडं आसामात मोठमोठ्या पेट्यांतून हेलिकॉप्टरं आली. ती जोडायची आणि उडवून पाहायची, यासाठी जी थोडी माणसं निवडली त्यांत आमचे दौलतराव. ज्या काळात अर्ध्या बुलढाण्यानं आगगाडीही फक्त मलकापुरास जाऊन पाहिलेली, त्या काळात धाडचा माणूस डोक्यावर फिरता पंखा घेऊन हवेत एका जागी उभा राहून आला होता. लोकांचा विश्वास बसेना. दोष लोकांचाही नव्हता, कारण ती गोष्ट सगळ्यांना मी सांगितली होती.

त्यांच्या सवयी सांगतो. घराबाहेर पडले की बोट तोंडात घालून ओलं करायचे आणि वर धरायचे. वारा कुठून येतो ते कळल्याशिवाय पाऊल नाही. कशातही बसण्याआधी त्याला एक पूर्ण फेरी. भावाच्या छकड्यात बसायचं तरी आधी फेरी. चाकाची खीळ हलवून बघायची, जू दाबून बघायचं, बैलांचे खूर बघायचे, मग बसायचं. "बसाच्या आधी फिरून या," हे त्यांचं ब्रीद. स्वतःच्या लग्नात म्हणे पाटालाही फेरी मारली होती. 'म्हणे' म्हटलंय, कारण त्या लग्नाला मी नव्हतो.

आणि बोलणं! "दौलतराव, जेवले का?" विचारलं तर साधं "हाव" नाही. "पावणेदोन भाकरी." किती वाजले विचारावं तर "दहाले चार मिनिटं कमी." काही विचारलं की आधी स्वतःला काय ठाऊक नाही ते सांगायचे, मग ठाऊक असलेलं. अशा माणसाची आणि माझी मैत्री कशी जमली हे निंबालाही कळलं नसेल. दर सोमवारी वाचनालयात इंग्रजी पेपरातल्या जाहिराती वाचायला ते धाडहून येत, आणि मोटार सुटेपर्यंत माझ्या सतरंजीवर बसत. मी थापा मारत असलो की मान खाली घालून हसायचे. हसण्यालाही माप होतं, एका थापेला एक.

त्यांच्या फेरीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धाडच्या मोटारीचा ड्रायव्हर युसुफभाई. दौलतराव मोटारीत चढण्याआधी तिलाही फेरी मारणार, चाकांना हात लावणार, आणि आतले उतारू शिव्या देणार. एका बाजारच्या दिवशी धाडला ते मागच्या चाकाशी थांबले.

"युसुफभाई, याचे नटबोल्ट ढिले हायेत."

"अरे पायलटसाब," युसुफभाई खिडकीतून ओरडला, "ये मोटर है, जहाज नहीं! बैठो जल्दी!"

दौलतराव बसले नाहीत. सरळ पायी निघाले. पुढं काय झालं ते मी गावाला असं सांगत असे की, दोन कोसांवर ते चाक निघालं, मोटारीला मागं टाकून पुढं धावलं, आणि मोटार पोचायच्या आधी एकटंच बुलढाण्याच्या कचेरीपुढं येऊन उभं राहिलं. लोक पोट धरून हसायचे. खरं एवढंच की दौलतराव वळणापर्यंत गेल्यावर युसुफभाई चरफडत खाली उतरला, पाना लावला, आणि दोन बोल्ट अर्धा अर्धा फेरा फिरले. मग त्यानं मोटार त्यांच्याजवळ नेऊन थांबवली आणि दार उघडलं. दौलतरावांनी बसण्याआधी पुन्हा एक फेरी मारली. पण चाक पळवलं नाही तर गोष्टीत राहिलं काय, असं मला तेव्हा वाटायचं.

दुसरी गोष्ट महारुखाची. कचेरीमागं त्याचं एक झाड होतं. त्याच्या शेंगा कागदासारख्या पातळ, मध्ये बी. वाळली शेंग वरून सोडली की गरगर फिरत सावकाश उतरते. निंबाखाली जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी एकदा दौलतरावांना छेडलं, "काहो पायलट, तुमच्या त्या भिंगरीच्या विमानाचं इंजिन वर बंद पडलं तं? धोंड्यासारखं पडंल ना हो ते!"

दौलतराव उठले, मागं जाऊन एक शेंग घेऊन आले, कचेरीच्या ओट्यावर चढले आणि सोडली. ती फिरत फिरत, घाई नसल्यासारखी, माझ्या टाइपरायटरावर येऊन टेकली.

"असं येते," ते म्हणाले. "पंखा वाऱ्यानं फिरत राह्यला तं. आम्ही वर जाऊन इंजिन मुद्दाम बंद करो."

"मुद्दाम? काऊन?"

"बंद पडलं तं काय होते, हे कोणाले तरी आधी माहीत पाह्यजे ना."

  ती शेंग मी पेटीच्या कप्प्यात ठेवून दिली.

स्वराज्य येऊन थोडे दिवस झाले होते. एका सोमवारी दौलतराव वाचनालयातून आले ते चालत नव्हे, जवळजवळ पळत. तेवढा वेग मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. कोटाच्या खिशातून त्यांनी बोटभर वही काढली. तीत जाहिरात उतरवून घेतली होती. बाहेरची एक कंपनी पिकांवर औषध फवारण्यासाठी हेलिकॉप्टर आणणार होती. ते जोडून घेणारा, चाचणी करणारा, अनुभवी वैमानिक हवा. अर्ज इंग्रजीत टाइप केलेला पाहिजे, त्यात नोकरीचा सगळा तपशील पाहिजे. मुलाखत नागपूरला.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "पुन्हा वर जाता आलं तं पाह्यतो." एवढंच. आणि वही माझ्यापुढं पेटीवर उघडी ठेवली.

मी कागद चढवला. "सांगा."

"मले काय येत नाही ते पह्यले लिहा."

"अर्जात?"

"हाव. समुद्रावर उडवलं नाही. डोंगरात दोनदाच. लिहा पुढं. हेलिकॉप्टरवर सदतीस तास. त्यातले अकरा चाचणीचे. एक यंत्र उतरवतांना मोडलं. चूक माही."

माझे हात थांबले. "दौलतराव, हा अर्ज हाये का कबुलीजबाब? कोनता शहाणा माणूस अर्जात आपली चूक लिहते?"

"त्या दिवशी खालच्या माणसानं सांगतलं, वारा समोरून हाये. म्या खरं मानलं. तो होता मागून." त्यांनी ताठ बोटं माझ्यापुढं धरली. "हे तवाचं. तवापासून मी बोट ओलं करून पाह्यतो. हे लिहलं तं पुढच्याच्या कामी पडते."

मी लिहून घेतलं. कच्चा कागद तयार झाला, आणि पक्का टाइप होईपर्यंत ते चहा प्यायला गेले.

आता इथं मी काहीही वाढवणार नाही, आणि काही कमीही करणार नाही.

मी तो कच्चा कागद वाचला. या कागदावर माणसाला बैलगाडीही कोणी हाकू देणार नाही. सदतीस! साहेब अर्धं कापणार, उरले साडेअठरा. साडेअठरा तासांच्या माणसाला हेलिकॉप्टर कोण देईल? हा माणूस मला आवडत होता. तो पुन्हा वर जावा असं मला त्याच्याइतकंच वाटत होतं. मग मी माझ्या कायद्यानं लिहिलं. दुप्पट केलं तर कापून परत सदतीसच उरणार, म्हणून सदतीसपुढं एक शून्य मारलं. एक बटण, एक टक. अर्धे कापले तरी एकशे पंच्याऐंशी उरतील, असा हिशेब. मोडलेल्या यंत्राची ओळ काढली. समुद्राची काढली. त्या जागी शत्रूच्या गोळ्यांच्या वर्षावात जखमींना उचलून आणल्याचा एक परिच्छेद घातला. तो परिच्छेद असा उतरला होता की मलाच रुमाल काढावा लागला.

दौलतराव आले. कागद हातात घेतला, चष्म्याच्या डबीकडे हात नेला. "एकडाव फिरून पाह्यतो."

मी म्हणालो, "टपाल निघायची वेळ झाली. आनं दौलतराव, इतक्या दिवसांची आपली ओळख. माह्या कागदालेही फेरी?"

ते ओशाळले. छकड्याला, मोटारीला, पाटाला न ओशाळणारा माणूस माझ्यापुढं ओशाळला. डबी परत खिशात ठेवली. "तसं नाही मुन्शीजी. सवय हाये," म्हणाले, आणि ताठ बोटांत पेन धरून न वाचता सही केली. मी पाहिलं तेवढ्या काळात फेरी न मारता ते बसले, असं एकदाच झालं.

बोलावणं आलं. मी निंबाखाली पेढे वाटले. मलकापूर स्टेशनाच्या मोटारीपर्यंत त्यांना पोचवायला गेलो, आणि ती सुटेपर्यंत भेटेल त्याला सांगत राहिलो की बुलढाण्याच्या टेकडीवर आता हेलिकॉप्टरचा तळ होणार.

आठ दिवसांनी ते सतरंजीवर येऊन बसले. फडक्यानं हात पुसले. स्वच्छच होते, तरी पुसले. मग झालेलं सगळं सांगितलं, क्रमानं, जसं यंत्राबद्दल सांगत.

"दोघं होते. एक गोरा, एक आपला. गोऱ्यानं अर्ज वाचला, उठून हात मिळवला. मंग माही उड्डाणाची वही मांगतली. तीत एकेका उड्डाणाची ओळ, पुढं अधिकाऱ्याची सही. शेवटी बेरीज सदतीस. त्यानं दोनी कागद जवळजवळ ठेवले. मले विचारलं, खरं कोनतं? म्या म्हणलं, वही. मंग विचारलं, अर्जावर सही कोनाची? म्या म्हणलं, माही."

"माहं नाव काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.

"त्यानं सहीचं विचारलं होतं."  "गोरा म्हणे, सदतीस तासवाला माणूसच आम्हाले पाह्यजे होता. तेवढे तास अख्ख्या देशात किती जणांचे असतीन? पन आकडा वाढवणारा माणूस चाचणीले चालत नाही. बरोबर हाये त्याचं. मीबी नसता घेतला."

मला वाटलं, आता हा माणूस टाइपरायटर उचलून माझ्या डोक्यात घालील. घालायला हवा होता. ते म्हणाले, "कागद चढवा. एक अहवाल लिहायचा हाये."

मी चढवला. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं.

"बिघाड, अर्जातला आकडा चुकीचा. कारण, सही करणाऱ्यानं कागद तपासला नाही. उपाय, तपासणे."

"माहं नाव घाला दौलतराव. तुमच्या पाया पडतो, माहं नाव घाला."

"खीळ निघून गाडी पलटली तं अहवालात खिळीचं नाव नसते मुन्शीजी. हाकणाऱ्याचं असते."

त्यांनी कागद हातात घेतला. डबीतून चष्मा काढला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, बोट ठेवून, माझ्यासमोर वाचला. मग सही केली. रागानं मारलेली थप्पड एवढी लागली नसती. आणि मला पक्कं ठाऊक आहे, त्यांच्या मनात ती थप्पड नव्हतीच. ते फक्त तपासत होते.

मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. सगळा दोष माझा असं कळवलं. पण लिहिताना हात कुठं ऐकतो? पत्रात मी किती शपथा घेतल्या ते मोजलं नाही, ईश्वर, आई आणि पृथ्वी तिघांनाही साक्षीला बोलावलं. उत्तर आलं नाही. तसलं पत्र मला आलं असतं तर मीही केराच्या टोपलीत टाकलं असतं.

दौलतराव सोमवारी येत राहिले. वाचनालयात मात्र जाईनात. सरळ सतरंजीवर यायचे, माझ्या थापा ऐकायचे, मान खाली घालून हसायचे. एका थापेला एकच. थापा कमी झाल्या त्या माझ्या बाजूनं.

नागपूर राजधानी होती तोवरच, पुढं काही वर्षांनी, खरोखरचं हेलिकॉप्टर बुलढाण्यात उतरलं. पिकांवरच्या फवारणीचं प्रात्यक्षिक होतं. मैदानाला दोर बांधलेला, आणि दोराबाहेर सगळा जिल्हा लोटलेला. एवढी गर्दी की माणसांच्या खांद्यांवर माणसं. बरं, माणसांच्या खांद्यांवर पोरं. पायलट कोवळा होता, हसतमुख. मला गर्दीत खाकी कोट दिसला. दौलतरावांचे केस वयाआधीच पिकले होते. दोराबाहेरून, लोकांना बाजूला करत, ते त्या यंत्राभोवती लांबून फेरी मारत होते. नजर यंत्रावरून ढळत नव्हती. जरा चालायचे, थांबायचे, वाकून खालून बघायचे, पुढं जायचे.

माझ्या शेजारी वडनेर भोलजी गावचा एक कास्तकार उभा होता. मी कधीकाळी त्याचा अर्ज लिहिला होता. त्यानं कोपरानं ढोसलं. "मुन्शीजी, तो म्हतारा कोन हाये? कायले घिरट्या घालून राह्यला?"

मी छाती भरून श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा आहे तसा उच्चारायचा होता. "ते दौलतराव सोनुने. त्याहीनं असंच यंत्र उडवलं हाये. सदतीस तास. त्यातले अकरा चाचणीचे. एकदा मोडलं, चूक त्याहीची."

कास्तकार असा हसला की पुढच्या चार माणसांनी मागं वळून पाहिलं. "माही एक बकरी मेली होती तं तुम्ही अर्जात सात लिहल्या होत्या! सदतीसले सातानं भागा. पाच होतेत. त्यातली चूक काढा. म्हंजे बुढ्यानं एखांदवेळ दुरून पाह्यलं असंन!"

"नाही हो. सदतीस."

"असू द्या, असू द्या!" त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "गोष्ट चांगली हाये."

तेवढ्यात पंखा फिरू लागला. धूळ उठली, टोप्या उडाल्या, बायांनी पदर धरले. यंत्र उचललं गेलं, मैदानावर क्षणभर एका जागी उभं राहिलं, आणि सगळ्या जिल्ह्यानं तोंड वर केलं. मी वर पाहिलं नाही. माझी नजर खाकी कोटावर होती.

धूळ बसली तेव्हा दौलतराव दोराखालून आत गेलेले होते. यंत्र जिथं टेकलं होतं तिथं उकिडवे बसले, आणि दोन ताठ बोटांनी जमीन चाचपली. तेल गळलं का ते बघत असावेत. बोटं नाकाशी नेली. फडक्याला पुसली. मग वरच्या खिशातून शिसपेन्सिल काढली, बोटभर वही काढली, आणि एक ओळ लिहिली. लिहिलेलं एकदा बोट ठेवून वाचलं, वही मिटली, आणि धाडच्या मोटारीकडे चालू लागले. त्यानंतर सोमवारीही ते मला दिसले नाहीत.

त्या ओळीत काय होतं, ते मी तुम्हाला शंभर तऱ्हांनी सांगू शकतो, आणि प्रत्येक वेळी तुम्ही रुमाल काढाल. मला ठाऊक नाही.